बटणाच्या अवस्था : दोष आणि त्यांचा शोध

बटण ही इतकी परिचयाची वस्तू आहे की तिच्याविषयी विचार करण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही. दिव्याचे बटण खाली केले की दिवा लागतो, वर केले की विझतो. दाराच्या घंटीचे बटण दाबले की घंटी वाजते आणि बोट उचलताच ती थांबते. परंतु या दोन बटणांत एक महत्त्वाचा भेद आहे. आपण शेवटी काय केले, हे दिव्याचे बटण लक्षात ठेवते. घंटीचे बटण काहीच लक्षात ठेवत नाही. वीज गेलेली असतानाही दिव्याच्या बटणावरून नुसते बोट फिरवून ते चालू आहे की बंद, हे सांगता येते. घंटीच्या बटणाकडे सांगण्यासारखे असे काही नसते. जे बटण आपला पूर्वेतिहास जपून ठेवते, त्याला 'अवस्था' असते असे म्हणतात.

लिफ्टच्या बटणाचे उदाहरण घेतले म्हणजे हा विषय अधिक स्पष्ट होईल. बटण दाबले की त्याच्या आतला लहानसा दिवा लागतो. लिफ्ट अद्याप चार मजले वर असते, तरीही दिवा पाहून मनुष्य निश्चिंत होतो. आपली मागणी नोंदली गेली, हे त्याला कळते. आता हा दिवा बिघडला आहे असे समजा. यंत्राने मागणी नोंदलेली असते, लिफ्ट यायला निघालेलीही असते. परंतु माणसे मात्र पुन्हा पुन्हा बटण दाबत राहतात, आणि शेवटी काही जण जिना चढू लागतात. याउलट, दिवा लागला पण मागणी नोंदलीच गेली नाही, तर माणसे तिष्ठत उभी राहतील. म्हणजेच प्रत्येक बटणाच्या बाबतीत दोन गोष्टी असतात : यंत्राने लक्षात ठेवलेली अवस्था आणि माणसाला दिसणारी अवस्था. या दोन अवस्था जोवर एकमेकींशी जुळलेल्या असतात, तोवर सर्व काही सुरळीत चालते. त्यांची फारकत झाली की दोष उत्पन्न होतो. संगणकावरील शैक्षणिक पाठांत बटणांचे जे दोष आढळतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या फारकतीत सापडते.

एक सार्वजनिक उदाहरण

बटणांच्या अवस्था काटेकोरपणे कशा बांधता येतात, हे पाहण्यासाठी भारतीय वाचकाला दूर जावे लागत नाही. मतदान केंद्रावरील इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र त्याने पाहिलेलेच असते. या यंत्राचा प्रथम वापर १९८२ साली केरळमधील परूर विधानसभा मतदारसंघात ५० मतदान केंद्रांवर झाला. कायद्यात अशा यंत्राची तरतूद नसल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली तो वापर अमान्य ठरविला. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली, आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशातील सर्व मतदारसंघांत ही यंत्रे वापरण्यात आली.

या यंत्राचे दोन मुख्य भाग असतात. नियंत्रण यंत्र मतदान अधिकाऱ्यापाशी असते आणि मतपत्रिकेचे यंत्र आडोशामागे मतदारासमोर असते. मतदार आडोशामागे गेला, तरी अधिकाऱ्याने नियंत्रण यंत्रावरील 'बॅलट' हे बटण दाबेपर्यंत त्याच्यासमोरची निळी बटणे निष्क्रिय असतात. अधिकाऱ्याने ते बटण दाबताच त्याच्याकडील तांबडा दिवा लागतो आणि मतदाराकडील हिरवा दिवा लागतो. मतदाराने एखाद्या चिन्हासमोरचे निळे बटण दाबले की त्याच्या शेजारी तांबडा दिवा लागतो आणि लांब शिटीसारखा आवाज ऐकू येतो. त्यानंतर कोणतेही बटण कितीही वेळा दाबले, तरी दुसरे मत नोंदले जात नाही; पुढील मतदारासाठी अधिकाऱ्याला 'बॅलट' बटण पुन्हा दाबावे लागते. मतदान संपल्यावर 'क्लोज' बटण दाबले जाते. 'रिझल्ट' हे बटण 'क्लोज' दाबल्यानंतरच चालते, तत्पूर्वी नाही.

बटणांची ही व्यवस्था तीन तत्त्वांवर उभी आहे. पहिले, बटण केव्हा सक्रिय होईल हे आधीच ठरलेले असते. दुसरे, ते सक्रिय झाल्याची खूण संबंधित माणसाला दिसते किंवा ऐकू येते. तिसरे, एका बटणाची अवस्था दुसऱ्या बटणाच्या अवस्थेवर अवलंबून असते. संगणकावर पाठ तयार करणाऱ्यालाही हीच तीन तत्त्वे पाळावी लागतात. भेद इतकाच की मतदान यंत्राची रचना एकदाच, अनेक तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाली. पाठ मात्र दररोज नवे तयार होतात, आणि पुष्कळदा ते एकाच माणसाने बांधलेले असतात.

शिकवणाऱ्या यंत्रापासून पाठ रचण्याच्या साधनापर्यंत

बटण दाबून शिकण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. सिडनी प्रेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात एक लहानसे यंत्र तयार केले. त्याच्या खिडकीत एक प्रश्न आणि चार उत्तरे दिसत, आणि बाजूला चार कळी असत. एका विशिष्ट मांडणीत, योग्य उत्तराची कळ दाबेपर्यंत पुढील प्रश्न खिडकीत येतच नसे. 'अट पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही', हे आजच्या पाठांतील सर्वपरिचित तत्त्व त्या यंत्रात असे पूर्णपणे सिद्ध झालेले होते.

संगणकाचा पडदा आल्यावर धातूच्या कळीची जागा चित्राने घेतली. चित्राला स्वतःची हालचाल नसते. ते दाबले गेल्याचा भास निर्माण करावा लागतो. म्हणून एकाच बटणाची अनेक चित्रे काढण्याची पद्धत पडली. 'फ्लॅश' या एके काळी सर्वत्र वापरल्या गेलेल्या साधनात प्रत्येक बटणाला चार चौकटी असत : बटण मोकळे असतानाची, माउसचा बाण त्यावर आला असतानाची, ते दाबले असतानाची, आणि चौथी, दाबण्याचे क्षेत्र ठरविणारी अदृश्य चौकट. २०२० च्या अखेरीस फ्लॅशला मिळणारा आधार थांबविण्यात आला आणि त्यावर आधारलेले असंख्य पाठ नव्याने बांधावे लागले. २०१२ साली प्रथम प्रसिद्ध झालेले 'आर्टिक्युलेट स्टोरीलाइन' हे अशा कामासाठी आज पुष्कळ वापरले जाणारे साधन आहे. आज्ञावली लिहिता न येणारा शिक्षकही त्यात पाठ बांधू शकतो. 'असे घडले की तसे कर' अशा स्वरूपाची वाक्ये यादीतून निवडायची असतात. या वाक्यांना 'ट्रिगर' म्हणतात.

भारतात अशा पाठांचे क्षेत्र गेल्या दोन दशकांत विस्तारले. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ साली झाली आणि 'एमएस-सीआयटी' या अभ्यासक्रमाने गावोगावच्या लोकांना संगणकाचा परिचय करून दिला. २०१७ साली 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले, आणि २०२० पासून 'निष्ठा' हे शिक्षकांचे सेवांतर्गत प्रशिक्षण त्यावरून देण्यात येऊ लागले. चंडीगड येथे तंत्रशिक्षकांना प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था १९६७ पासून कार्यरत आहे. चंडीगड आणि मोहाली या शहरांच्या परिसरात संगणकीय उद्योगही वाढला आहे, आणि त्यांना लागूनच अंबाल्याच्या रस्त्यावर झिरकपूर हे झपाट्याने वाढलेले गाव आहे. या नव्या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य असे की पाठ बांधणारा आणि पाठ शिकणारा यांची गाठ कधीही पडत नाही. झिरकपूरमधील एखाद्या खोलीत, मोठ्या पडद्यासमोर बसून बांधलेला पाठ मेळघाटातील धारणी तालुक्यात, मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर उघडला जाऊ शकतो. पाठातील बटणाने चुकीची खूण दाखविली, तर ती दुरुस्त करायला तेथे कोणीही नसते.

बटणाच्या सात अवस्था

स्टोरीलाइनमध्ये बटणाला तयार मिळणाऱ्या अवस्थांपैकी सात मुख्य होत. 'नॉर्मल' म्हणजे साधी अवस्था. 'हॉवर' म्हणजे माउसचा बाण बटणावर आला असतानाची अवस्था. 'डाउन' म्हणजे बटण दाबून धरले असतानाची क्षणिक अवस्था. 'सिलेक्टेड' म्हणजे निवडलेली अवस्था. 'व्हिजिटेड' म्हणजे पूर्वी एकदा दाबून झाल्याची अवस्था. 'डिसेबल्ड' म्हणजे निष्क्रिय अवस्था. हीत बटण दिसते, पण दाबण्याला दाद देत नाही. 'हिडन' म्हणजे अदृश्य अवस्था. हीत ते दिसतही नाही.

यांपैकी हॉवर आणि डाउन या निव्वळ देखाव्याच्या अवस्था आहेत. बाण दूर गेला की त्या नाहीशा होतात आणि मागे काही उरत नाही. घंटीच्या बटणाशी त्यांचे साम्य आहे. सिलेक्टेड आणि व्हिजिटेड या स्मरणाच्या अवस्था आहेत. दिव्याच्या बटणाशी त्यांचे साम्य आहे. डिसेबल्ड आणि हिडन या परवानगीच्या अवस्था आहेत. आडोशामागील निळ्या बटणांशी त्यांचे साम्य आहे. ही तीन घराणी ध्यानात ठेवली म्हणजे दोष कोठे शोधावा, हे अर्धे अधिक कळून येते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. हॉवर, डाउन, सिलेक्टेड आणि व्हिजिटेड या अवस्था साधन स्वतःहून बदलते. त्यासाठी रचनाकाराने वेगळी आज्ञा द्यावी लागत नाही. रचनाकाराने स्वतः तयार केलेल्या एखाद्या वेगळ्या नावाच्या अवस्थेला मात्र ही सोय नसते. तिच्यासाठी आज्ञा लिहावीच लागते.

एक पाठ आणि त्यातील दोष

विवेचनासाठी एक काल्पनिक पाठ घेऊ. तो अंगणवाडी सेविकांसाठी असून जुलाब झालेल्या बालकाला जलसंजीवनी कशी द्यावी, हे शिकवितो. पडद्यावर तीन बटणे आहेत : 'हात धुणे', 'द्रावण तयार करणे' आणि 'द्रावण पाजणे व ठेवणे'. प्रत्येक बटण दाबले की माहितीचे एक पान उघडते. दुसऱ्या पानात सांगितले आहे की पुडीतील सर्व पूड एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळावी. तिसऱ्यात सांगितले आहे की तयार द्रावण चोवीस तासांच्या आत वापरावे आणि उरलेले टाकून द्यावे. खाली 'पुढे' असे चौथे बटण आहे. ते आरंभी निष्क्रिय असून तिन्ही पाने पाहून झाल्यावरच सक्रिय व्हावे, असा रचनाकाराचा हेतू आहे. इतक्या साध्या पाठातही पुढील दोष संभवतात.

पहिला दोष असा की तिन्ही बटणे दाबूनही 'पुढे' सक्रिय होत नाही. याची कारणे प्रायः अटीत असतात. पाठ बांधताना एखादे बटण पुसून त्याच्या जागी नवे घातलेले असते, परंतु अटीच्या यादीत नव्या बटणाचे नाव आलेले नसते. किंवा अट केव्हा तपासावी, हेच चुकलेले असते. 'पान उघडताच, तिन्ही बटणे पाहून झाली असतील तर' अशी आज्ञा लिहिली, तर ती पान उघडताना एकदाच तपासली जाते, आणि त्या वेळी एकही बटण दाबलेले नसते. येथे 'तिन्ही बटणांची अवस्था पाहून झालेली अशी होईल तेव्हा', अशी आज्ञा हवी. दोन्ही वाक्ये कानाला जवळजवळ सारखी वाटतात. यंत्राच्या दृष्टीने मात्र ती सर्वस्वी भिन्न आहेत.

दुसरा दोष एका अवस्थेला दोन धनी झाल्यामुळे उद्भवतो. बटण दाबल्यावर साधन आपणहून त्याला 'व्हिजिटेड' करते. रचनाकाराला हे ठाऊक नसल्यास तो त्याच प्रसंगासाठी 'सिलेक्टेड कर' अशी स्वतःची आज्ञा जोडतो. मग बटण निवडलेले दिसत राहते आणि 'पुढे'ची अट मात्र ते पाहून झालेले होण्याची वाट पाहत बसते. यावर उपाय सोपा आहे. साधन जे काम स्वतः करते, त्यासाठीची हाताने लिहिलेली आज्ञा काढून टाकावी.

तिसरा दोष क्रमाचा. एकाच दाबण्यावर अनेक आज्ञा असतील, तर त्या यादीतील क्रमाने, वरून खाली पाळल्या जातात. 'पुढील पानावर जा' ही आज्ञा वर आणि 'या बटणाची अवस्था बदल' ही खाली असेल, तर पाठ पुढील पानावर निघून जातो आणि खालची आज्ञा पाळायची राहून जाते. घराला कुलूप लावून गाडीत बसल्यावर 'दिवे मालव' असे सांगण्यासारखेच हे आहे. म्हणून पान बदलण्याची आज्ञा नेहमी शेवटी ठेवावी.

चौथा दोष विस्मरणाचा. सेविका पुढील पानावर जाऊन काही तपासण्यासाठी मागे येते, तो तिन्ही बटणे पुन्हा कोरी आणि 'पुढे' पुन्हा निष्क्रिय. प्रत्येक पानाच्या गुणधर्मांत, ते पुन्हा उघडल्यावर काय करावे, याचे तीन पर्याय असतात : साधनाने स्वतः ठरवावे, जतन केलेली अवस्था दाखवावी, किंवा आरंभीची अवस्था दाखवावी. सरावाच्या प्रश्नासाठी तिसरा पर्याय योग्य असतो. जेथे बटणे प्रगतीची खूण म्हणून वापरली आहेत, तेथे दुसरा पर्याय स्पष्टपणे निवडावा.

पाचवा दोष बटणाच्या बाहेरचा असतो. बटण दिसते, त्याची अवस्था बरोबर असते, तरी ते दाबले जात नाही. अशा वेळी त्याच्या पुढे एखादी पारदर्शक आकृती किंवा अक्षरांची मोठी चौकट पसरलेली असण्याची शक्यता असते. काचेमागे ठेवलेल्या वस्तूला हात लागू नये, तसा हा प्रकार. काही वेळा माहितीच्या पानालाच, खालच्या थरावरील काहीही दाबता येऊ नये, असा गुणधर्म दिलेला असतो. ते पान नीट बंद झाले नाही, तर खालची सर्व बटणे मुकी होतात.

सहावा दोष बांधणाऱ्याच्या खोलीत कधीच दिसत नाही. माउस असलेल्या संगणकावर बाण बटणावर नेला की ते उजळते, आणि हे दाबायचे आहे, असे समजते. मोबाइलच्या पडद्यावर बाण नसतो. बोट टेकण्यापूर्वी ते कोठे आहे, हे यंत्राला कळत नाही. म्हणून एखादी महत्त्वाची सूचना केवळ हॉवर अवस्थेत ठेवली असेल, तर मोबाइलवर शिकणाऱ्याला ती मिळेलच असे नाही. भाषांतरित पाठांत आणखी एक गोष्ट आढळते. प्रत्येक अवस्थेला स्वतःचा मजकूर असू शकतो. साध्या अवस्थेतील मजकूर मराठीत आला, पण दाबल्यानंतरच्या अवस्थेतील मजकूर मूळ भाषेतच राहिला, तर शिकणारा गोंधळून जातो. भाषांतरकाराने प्रत्येक बटणाची प्रत्येक अवस्था उघडून पाहणे अगत्याचे आहे.

सातवा दोष नोंदवहीचा. पाठ अर्ध्यावर सोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडता यावा, यासाठी बटणांच्या अवस्था शिक्षण-व्यवस्थापन प्रणालीकडे अक्षरांच्या एका लांबलचक ओळीच्या रूपाने पाठविल्या जातात. 'स्कॉर्म १.२' या २००१ सालच्या मानकात या ओळीला ४०९६ अक्षरांची मर्यादा आहे. लहान पाठाला एवढी जागा पुरते. शेकडो बटणे असलेल्या पाठात मात्र ओळ मध्येच तुटू शकते आणि शिकणाऱ्याची प्रगती हरवते. स्कॉर्मच्या २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा ६४,००० अक्षरांपर्यंत वाढविण्यात आली. शिकणारे पाठ अर्धवट करून गेले असताना त्याच जागी पाठाची सुधारलेली आवृत्ती ठेवली, तरीही अडचण येते. कारण जुनी नोंद नव्या पाठाशी जुळत नाही.

खोटी खूण

आतापर्यंतच्या बहुतेक दोषांत शिकणाऱ्याचा मार्ग अडतो. तो तक्रार करतो, आणि म्हणून दोष उघडकीस येतो. आठवा दोष याच्या उलट आहे आणि तो अधिक गंभीर मानला पाहिजे. यात सर्व काही सुरळीत चालल्यासारखे दिसते.

'व्हिजिटेड' या शब्दाचा अर्थ यंत्राच्या दृष्टीने 'दाबले गेले' एवढाच आहे; 'वाचले गेले' असा नाही. सेविकेने तिसरे बटण दाबले, पान उघडण्यापूर्वीच संपर्क मंदावला, तिने ते तसेच बंद केले, तरी बटणावर पाहून झाल्याची खूण उमटते. 'पुढे' सक्रिय होते, पाठ पूर्ण होतो आणि प्रमाणपत्रही मिळते. नोंदवही सांगते की ही सेविका द्रावण कसे ठेवावे हे शिकली. वास्तविक, चोवीस तासांनंतर उरलेले द्रावण टाकून द्यावे, हे वाक्य तिच्या दृष्टीस पडलेलेच नसते. येथे देखावा आणि यंत्राचे स्मरण एकमेकांशी जुळतात. परंतु दोन्ही मिळून सत्यापासून दूर गेलेली असतात.

यावरील उपाय असा की 'पुढे'ची अट बटणाच्या अवस्थेवर न ठेवता वेगळ्या चलावर ठेवावी. चल म्हणजे साधनातील नोंदीची एक लहानशी पेटी; तिच्यात 'होय' किंवा 'नाही' असे मूल्य साठविता येते. माहितीचे पान अखेरपर्यंत दाखवून झाले, किंवा पानाच्या शेवटी ठेवलेल्या एखाद्या साध्या प्रश्नाचे उत्तर दिले गेले, की त्या पेटीत 'होय' लिहावे. तिन्ही पेट्यांत 'होय' आले म्हणजे 'पुढे' उघडावे. अर्थात यामुळेही शिकणाऱ्याने मजकूर समजून घेतला, याची हमी मिळत नाही. ती हमी कोणतेही बटण देऊ शकत नाही. त्यासाठी प्रश्न आणि प्रात्यक्षिक यांचाच आधार घ्यावा लागतो. मात्र न पाहिलेले पान पाहिल्याची खोटी नोंद निदान टळते.

शोधाची पद्धत

दोष कोणताही असो, त्याचा शोध घेण्याची एक पद्धत आहे आणि ती क्रमाने अनुसरली म्हणजे वेळ वाया जात नाही. प्रथम दोष स्वतः पुन्हा घडवून आणावा. 'बटण चालत नाही' एवढ्या तक्रारीवरून काही ठरविता येत नाही; कोणत्या पानावर, कोणत्या क्रमाने बटणे दाबल्यावर, कोणत्या उपकरणावर, हे जाणून तीच कृती तशीच करून पाहावी. दुसऱ्या पायरीवर, दोष देखाव्याचा आहे की स्मरणाचा, हे निश्चित करावे. यासाठी पानावर तात्पुरत्या चौकटी ठेवून त्यांत चलांची त्या त्या क्षणीची मूल्ये दाखविणे उपयुक्त ठरते. लिफ्टचा दिवा उघडून आतली तार पाहावी, तसे हे काम आहे. तिसऱ्या पायरीवर ते पान मूळ पाठातून वेगळे करून एका नव्या, रिकाम्या पाठात ठेवावे. तेथे दोष दिसेनासा झाला, तर कारण त्या पानाबाहेर आहे. तेथेही दिसला, तर एकेक आज्ञा तात्पुरती काढून पाहावी. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले आणि दोष गेला, तर तो कशामुळे गेला हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या पाठात तो पुन्हा डोके वर काढतो.

पाठ बांधण्याच्या साधनातील पूर्वदृश्य ही अंतिम कसोटी नव्हे. तेथे नोंदवही नसते, मंद संपर्क नसतो आणि लहान पडदाही नसतो. म्हणून प्रसिद्ध केलेला पाठ प्रत्यक्ष प्रणालीवर ठेवून, साध्या मोबाइलवर, अर्ध्यावर सोडून व पुन्हा उघडून तपासला पाहिजे.

या तपासणीत अवस्थांच्या खुणांचाही विचार व्हावा. पुष्कळ पाठांत निष्क्रिय बटण करडे, पाहून झालेले हिरवे आणि राहिलेले तांबडे असते. परंतु तांबडा आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता न येणारी माणसे समाजात असतात, आणि उन्हात धरलेल्या पडद्यावर तर सर्वांचीच तशी स्थिती होते. मतदान यंत्राने दिव्याला आवाजाची जोड दिली. पाठातही रंगाला आकृतीची किंवा शब्दांची जोड द्यावी : पाहून झालेल्या बटणावर बरोबरची खूण असावी, आणि निष्क्रिय बटणाजवळ 'वरील तिन्ही पाने पाहिल्यावर हे बटण सुरू होईल' असे स्वच्छ वाक्य असावे. दृष्टिहीन व्यक्तीचे वाचक-साधनही ते वाक्य तिला वाचून दाखवू शकते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१६ चा कायदा आणि शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे यांचाही आग्रह याच दिशेने आहे.

बटण अडकले की बहुतेक शिकणारे यंत्राला दोष देत नाहीत. आपल्यालाच संगणक येत नाही, असे ते मानतात. ज्यांनी वयाच्या चाळिशीत प्रथम पडद्याला बोट लावले, त्यांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. कोणी पाठ सोडून देतो, कोणी मुलाला बोलावून पूर्ण करून घेतो, आणि दोन्ही प्रकारांत शिकणे राहून जाते. निष्क्रिय बटणाशेजारचे ते एक वाक्य लिहायला रचनाकाराला मिनिटभराहून अधिक वेळ लागत नाही; तेवढ्याने शिकणाऱ्याला निदान हे कळते की चूक आपली नाही, आणि अजून कोणते पान पाहायचे राहिले आहे.